उतारावर गुडघे का कुरकुरतात? साठीनंतरच्या सांध्यांसाठी हलका व्यायाम

साताऱ्यात राहणाऱ्याच्या वाट्याला सपाटी तशी कमीच. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालं की चढ, परतताना उतार, आणि सकाळी पाय मोकळे करायला अजिंक्यतारा. साठी ओलांडलेली माणसं व्यायाम विचारायला माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचं गाऱ्हाणं बहुतेक एकच असतं. चढताना दम लागतो पण गुडघा काही म्हणत नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते. तोवर घरात किंवा कट्ट्यावर कोणीतरी निकालही देऊन टाकलेला असतो, "वय झालं, आता गड बंद." गडाबरोबर मंडईपर्यंतचं चालणं सुटतं, मग जिना सुटतो, दुपारची झोप लांबते. गुडघ्याचं जास्त नुकसान या बंदीच्या काळात होतं, असं मला वाटतं. ते कसं, हे समजायला आधी उतारावर नेमकं काय घडतं ते पाहू.

बर्लिनच्या काही संशोधकांनी पाच जणांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी यंत्रणा बसवली आणि रोजच्या हालचालींत सांध्यावर किती ओझं येतं ते थेट मोजलं. त्यांचे आकडे २०१० साली प्रसिद्ध झाले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.६ पट भार येतो. खुर्चीतून उठताना सुमारे २.५ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे ६० किलोच्या आजी जिना उतरतात तेव्हा प्रत्येक पावलाला गुडघ्यावर दोनशे किलोच्या वर भार असतो.

वजन साठ किलोच, मग दोनशे आले कुठून? स्नायूंच्या ओढीतून. पाय वाकलेला असताना तो मोडून पडू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू जोरात आवळतो आणि त्या ओढीने सांध्यातली हाडं एकमेकांवर दाबली जातात. चढताना हा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना त्याला उलटं काम असतं. लांब होत होत त्याला अंगाचा भार थोपवायचा असतो, शिवाय गुडघा वाकलेला असल्याने वाटी मांडीच्या हाडावर घट्ट दाबलेली असते. स्नायूत ताकद असेल तर पाऊल हलकेच टेकतं. नसेल तर शेवटच्या दोन-तीन इंचांत शरीर आदळतं आणि तो दणका सांध्याला बसतो. जिना उतरणाऱ्या माणसाची पावलं शेजारच्या खोलीतून ऐकली तरी त्याच्या मांडीत किती जोर उरलाय याचा अंदाज येतो.

हे आकडे वाचून कोणीही म्हणेल, मग भार टाळलेलाच बरा. इथेच गोम आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात. शरीराच्या बहुतेक भागांना रक्तातून जे पोषण थेट मिळतं, ते कूर्चेला तसं मिळत नाही. तिला ते सांध्यातल्या चिकटसर द्रवातून घ्यावं लागतं. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाहेर येतो. पाऊल उचललं की ती फुगते आणि द्रव पुन्हा आत शोषला जातो. ओलं फडकं पिळून पुन्हा बादलीत सोडावं, तसं हे दिवसभर चालू असतं. माणूस बसून राहिला की ही ये-जा मंदावते, कूर्चेची उपासमार होते, द्रवही नीट फिरत नाही. सकाळी उठल्यावर किंवा शिवशाहीत तीन तास बसून स्वारगेटला उतरल्यावर पहिली चार पावलं लाकडासारखी पडतात आणि मग सांधा सुटतो, त्यामागेही बराचसा भाग याचाच.

तेव्हा भार कूर्चेला लागतोच. फक्त तो पेलणारे स्नायू हवेत आणि तो बेताने वाढवायला हवा. सांध्यांच्या व्यायामाचं सगळं शास्त्र या एवढ्या गोष्टीभोवती फिरतं.

एक्स-रेतला 'गॅप'

"डॉक्टर म्हणाले गॅप कमी झालाय", "ग्रीस संपलंय", "गादी झिजली". ही वाक्यं ऐकली की माणूस पाऊल जपून टाकायला लागतो, जणू उरलेली गादी पुरवून वापरायची आहे. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधलं अंतर पाहून तिची जाडी ताडली जाते. तो अंदाज चुकीचा नसतो, पण फिल्म आणि दुखणं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. फिल्म पाहून धडकी भरावी असा गुडघा घेऊन हळदी-कुंकवाला चार घरं फिरणाऱ्या बायका असतात, आणि फिल्ममध्ये थोडीशीच झीज असताना रात्री झोप न लागणारेही असतात. मांडीच्या स्नायूची ताकद तर त्या फिल्मवर कुठेच नसते. झिजलेली कूर्चा व्यायामाने पूर्वीसारखी होत नाही, हे खरंच आहे. स्नायू मात्र कोणत्याही वयात वाढतो.

कोणत्याही म्हणजे कोणत्याही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. तरी १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धांच्या संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम करून घेतले, तेव्हा ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम जड होता आणि देखरेखीखाली होता, घरी कोणी त्याची नक्कल करू नये. पण सत्तरीतल्या माणसाने "आता कशाला" म्हणू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

तेल चोळणं, नी-कॅप, गोळ्या यांचं काय? तेल चोळल्याने ऊब मिळते, बरं वाटतं, चोळून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त ते कातड्यातून सांध्यात जाऊन वंगण होत नाही. नी-कॅपने चालताना धीर येतो, पण तिच्या भरवशावर स्नायू आळसावू देऊ नयेत. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर लोक महिन्याला बराच पैसा घालवतात. ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात या गोळ्या देऊ नयेत असं म्हटलंय आणि सांधे झिजलेल्या प्रत्येकाला व्यायाम मात्र सांगावा, असंही.

सोळा आण्यांचा हिशेब

व्यायाम करताना थोडं दुखलं तर थांबायचं का? ज्येष्ठांना मी रुपयाचा हिशेब सांगते, कारण आणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. असह्य दुखणं म्हणजे सोळा आणे. व्यायाम करताना पाच-सहा आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. उठल्यावर गुडघा नेहमीइतकाच असेल तर कालचा व्यायाम मानवला. नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, सुजला असेल तर जास्त झाला. मग व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा. या निम्म्याच्या सवयीपाशीच लोक अडखळतात. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी तीस उठाबशा, दुसऱ्या दिवशी अंथरुणात आणि तिसऱ्या दिवशी "मला व्यायाम सोसत नाही."

व्यायाम करताना कटकट आवाज येतो म्हणून घाबरणारेही पुष्कळ. दुखत नसेल, सूज नसेल तर त्या आवाजाकडे दुर्लक्ष करावं.

आता प्रत्यक्ष व्यायाम. मला एकच निवडायला सांगितला तर मी खुर्चीतून उठणं-बसणं निवडेन. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते आणि माणूस खाली येतो. पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना मनात चार अंक मोजत हळू बसा, धप्पकन नको. वर सांगितलेलं थोपवण्याचं काम स्नायू याच चार अंकांत शिकतो, म्हणून उठण्यापेक्षा बसणं जास्त महत्त्वाचं. आठ-दहा वेळा झालं की दोन मिनिटं दम खा आणि पुन्हा तेवढंच करा. हातांचा आधार लागत असेल तर घ्या, खुर्ची बुटकी वाटत असेल तर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंच करा. जमू लागलं की आधी हात सोडायचे, मग सतरंजी काढायची. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. श्वास कोंडून धरू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. मोठ्याने आकडे मोजलेत की श्वास आपोआप चालू राहतो.

गुडघा इतका दुखतोय की उठबसही नको वाटते, अशांनी पलंगावर पाय लांब करून बसावं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. पाच अंक धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सांधा फारसा हलत नाही, पण स्नायू जागा होतो. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी हे केलं आणि पावलं वर-खाली हलवली, टाच गादीवर घासत पाय आठ-दहा वेळा दुमडला, तर पहिली पावलं सोपी जातात. साताऱ्याच्या डिसेंबर-जानेवारीत तर हे हवंच.

स्वयंपाकघराचा ओटा ही घरातली उत्तम व्यायामशाळा. तो सरकत नाही आणि कमरेइतका उंच असतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात ओटा धरून टाचा उचला आणि सावकाश टेकवा, पोटऱ्या भक्कम होतात. अंग ताठ ठेवून एक पाय बाजूला वीतभर उचला. याने खुब्याच्या बाजूचे स्नायू तयार होतात आणि चालताना बदकासारखं झुलणं कमी होतं. मग बोटं नुसती ओट्याला टेकवून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभं राहा. साठीनंतर तोल साधणं ताकदीइतकंच महत्त्वाचं असतं, कारण झिजलेल्या गुडघ्यापेक्षा पडून मोडलेला खुबा माणसाला फार लवकर परावलंबी करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी जे सांगितलं त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल तर आहेच, पण तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत असं वेगळं नमूद केलंय.

चालणं सपाटीवर सुरू करा. सदर बझारचे सरळ रस्ते किंवा मैदानाच्या फेऱ्या यासाठी चांगल्या. सोबतच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीन वेळा चाला, फायदा तितकाच. ज्यांना अजिंक्यताऱ्याशिवाय करमत नाही, त्यांनी सुरुवातीला गड चढावा आणि उतरताना घरच्यांना गाडी घेऊन वर बोलवावं. वरपर्यंत रस्ता आहे, लाजायचं कारण नाही. महिन्या-दोन महिन्यांत मांडी भरली की थोडा उतार पायी, बाकीचा गाडीने, असं करत वाढवावं. उताराला लहान पावलं टाकावीत, वाट रुंद असेल तर नागमोडी उतरावं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही, पण काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी टेकले की भार दोघांत वाटला जातो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा आधी. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊच नये, घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. कंटाळवाणं आहे खरं, पण जून ते सप्टेंबर इथे दुसरा इलाज नाही.

वजनाबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जाड आणि गुडघे झिजलेल्या ज्येष्ठांचं वजन एक किलोने घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं आढळलं. वीस किलो घटवायचं स्वप्न बाजूला ठेवून तीन किलो घटवले, तरी गुडघ्याला बारा किलोंची सूट मिळते.

खाली बसायचं की नाही

जमिनीवर मांडी घालून बसू नका, हा सल्ला आपल्याकडे सरसकट दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. गुडघा खूप दुमडला की वाटीवरचा दाब वाढतो, हे बरोबर. उकिडवं बसून धुणं धुणं, अर्धा-अर्धा तास खाली बसून ज्वारी निवडणं, भारतीय पद्धतीचा संडास यांनी कळ येत असेल तर बदल करायलाच हवा. उंच पाट, स्टूल, कमोड, संडासाच्या भिंतीला धरायला दांडी. पण ज्यांना दुखत नाही त्यांनी केवळ भीतीपोटी खाली बसणं सोडलं, तर वर्षभरात त्यांना खाली बसताच येत नाही. असं माणूस कधी घरात पडलं तर उठायचं कसं? म्हणून जमिनीवरून उठण्याचा सराव राखावा. खुर्ची जवळ घ्या, आधी गुडघ्यांवर या, चांगला पाय पुढे टाकून पाऊल टेकवा, दोन्ही हात खुर्चीवर रेटा आणि उठा. खाली उशी घ्या आणि पहिल्या दोन-चार वेळा घरातलं कोणीतरी शेजारी असू द्या.

सूर्यनमस्काराचा विषय आपल्या जिल्ह्यात निघतोच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात त्याचा मोठा प्रसार केला, त्यामुळे "आम्ही लहानपणापासून घालतो" असं सांगणारे आजोबा माणदेश-खटावकडे अजून भेटतात. ज्यांची सवय कधी मोडली नाही त्यांनी खुशाल घालावेत. वीस वर्षांच्या खंडानंतर मात्र ते एकदम सुरू करू नयेत. मनगटं, खांदे आणि गुडघे तिन्हींवर एकदम भार येतो. खुर्चीच्या पाठीला किंवा ओट्याला हात टेकवून तेच झुकणं आणि ताणणं बरंचसं साधतं. मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या, पूर्वी मणका दबलेल्या बायकांनी पुढे खोल वाकणं टाळावं.

वारीचं अगदी थोडक्यात. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते आणि आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. सत्तरीतले वारकरी ती चालतात, कारण शेतात आणि गावात त्यांचे पाय वर्षभर चालूच असतात. शहरात बसून काम केलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाने आषाढीच्या दोन-तीन महिने आधी चालायला सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. नवी चप्पल वारीत घालू नये, हे सांगायला व्यायामवाला लागत नाही, तरी दरवर्षी कोणीतरी घालतंच.

हातांचे सांधे सगळेच विसरतात. बोटांची शेवटची पेरं आणि अंगठ्याचं मूळ इथे झीज फार, त्यातही बायकांना जास्त. ओल्या चादरीला पीळ देणं, घट्ट बरणीचं झाकण फिरवणं, भाजीची पिशवी दोन बोटांत लटकवणं यात अंगठ्याचं मूळ भरडून निघतं. पिशवी कोपरात किंवा खांद्याला अडकवावी. सुरी-उलथन्याच्या मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, पकडायला जोर कमी लागतो. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ सावकाश मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. मधुमेह असणाऱ्यांनी खांद्यावर लक्ष ठेवावं, कारण त्यांचा खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं. भिंतीवर बोटं चालवत हात रोज जमेल तितका वर न्यावा. चिकुनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे महिनोन्महिने ठणकतात. त्यांनी जोराचे व्यायाम लांब ठेवावेत, सांधा नुसता सगळ्या बाजूंनी हलता ठेवावा.

काही वेळा व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे असतात. सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पायावर भार घेता येईना, गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, किंवा चालताना छातीत दुखलं, तर त्याच दिवशी जावं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर तो बहुधा झिजेचा. तासाभराहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करून घ्यावी. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते वेळेत सुरू व्हावे लागतात.

फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात काहीच बदल वाटत नाही आणि नेमकं तेव्हाच बरेच जण सोडून देतात. घरात लग्न निघालं, आजारपण आलं आणि दोन आठवडे खंड पडला, तर जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू करू नका. दहा उठाबशा होत होत्या तर पाचपासून सुरू करा आणि आठवडाभराने दहावर या.